साक्षीखालची सही

शिपायानं कोर्टाच्या दारात उभं राहून पुकारा केला, "गोदावरी मोरेश्वर हिलम, हाजिर हो," आणि माझ्या शेजारी बाकावर बसलेली गोदू जागची हलली नाही. ती समोरच्या फलकाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण फलकाकडे ती वाचणाऱ्यासारखीच बघते. दुसरा पुकारा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, आली नसेल, हे लोक तारखेला कुठले येतायत. तिसऱ्या पुकाऱ्याला मी तिच्या दंडाला हात लावला. "गोदू, तुझं नाव घेतायत." "माझं न्हाय बाई," ती म्हणाली, "दुसरी कोन तरी हाय." "तूच ती. गोदावरी म्हणजे तूच." आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं की ती हसते, तशी हसली, पदर खोचला आणि आत गेली. दार लोटलं गेलं. मी बाहेरच राहिले, कारण तिच्यानंतरची साक्षीदार मी होते आणि नंतरच्यानं आधीच्याची साक्ष ऐकायची नसते, असं सरकारी वकील मृणालीताईंनी सकाळीच बजावलं होतं. अलिबागच्या त्या व्हरांड्यात वारा अजिबात नव्हता. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि माझा ब्लाउज पाठीला चिकटलेला. आपलं नाव पुकारलं जातंय हे बाईला कळलं नव्हतं, आणि ते का कळलं नाही हे फक्त मला माहीत होतं.

तिच्या नवऱ्याचं, मोरूचं, मोरेश्वर पोलिसांनी केलं, पण गोदूचं गोदावरी मी केलं होतं. तिला सही शिकवायला बसले तेव्हा 'गोदू' हे मला नावच वाटेना. हाक वाटली, अर्धी राहिलेली. म्हटलं, तुझं पुरं नाव गोदावरी असणार, आपण तेच लिहू. ती म्हणाली, असंल. गो-दा-व-री, चार अक्षरं, तीन महिने घोटली. खोड माझ्या घरातलीच. वडील नगरला छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करायचं हेच त्यांचं काम, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तेच त्यांचं करमणुकीचं साधन. आईनं वाण्याची यादी लिहिली तरी तिच्यात लाल शाईनं वेलांट्या बदललेल्या असायच्या. शब्द सुधारला की माणूस सुधारतो, असं ते म्हणत. आई म्हणे, माणूस सुधारला असता तर यादीत साखर मागायची वेळ आली नसती. मी वडिलांच्या वळणावर गेले. देवाचं काम करायला निघाले तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत बायबल होतं आणि बोटांत ती लाल शाई होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर वाडीतल्या अर्ध्या बायकांची नावं मी लांब करून ठेवली होती.

वाडी पालीच्या वरच्या अंगाला, रस्ता संपल्यावर दीड तास चढून. कातकऱ्यांची एकवीस घरं. पालीला बल्लाळेश्वराला येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वारा फिरला की वरपर्यंत येतात. मी तिथे बावीस वर्षं आहे. बावीस वर्षांत बाप्तिस्मे किती झाले असं मला पाठवणाऱ्या मंडळींनी दरवर्षी विचारलं आणि दरवर्षी मी विषय बदलला. खरं सांगायचं तर चार, आणि त्यातले दोन म्हातारे होते, ते औषधाच्या पेटीवरच्या प्रेमापोटी आलेले. गोदूचा बाप्तिस्मा कधीच झाला नाही. तिला विचारलं की म्हणायची, "येशूबाबा बी हाय, आमचा वाघदेव बी हाय. दोगं बी ऱ्हाऊ दे की. तुमाला कशाला तरास?" पण रविवारी सगळ्यांत आधी प्रार्थनेच्या खोलीत तीच यायची, झाडून घ्यायची, मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसायची. माझ्यावर कुणी इतकं लक्ष दिलं असेल तर या एका बाईनं. मला हिवताप झाला तेव्हा सतरा दिवस ती माझ्या उशाशी होती. मला वाटे मी तिला देवाकडे नेते आहे. ती मात्र फक्त माझ्याकडे येत होती, आणि मला दोन्हींत फरक करता आला नाही.

दिवाळी झाली की वाडी ओस पडते. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सहा वर्षांपूर्वी गोदू शिमग्याआधीच परत आली, आणि एकटी. रविवार होता. आमच्यात, म्हणजे ख्रिस्ती मंडळींत, 'साक्ष देणं' याचा एक ठरलेला अर्थ आहे: देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मी तो शब्द वाडीत रुजवला होता. कुणाचा ताप उतरला, कुणाची शेळी सापडली, की मी म्हणायचे, साक्ष दे. त्या रविवारी घरी राहिलेले म्हातारे आणि बाळंतिणी मिळून अकरा माणसं होती. गोदू आपणहून उठली आणि म्हणाली, "मला साक्ष द्यायची हाय." मग तिनं सांगितलं. मोरूला एक दिवस सुटी हवी होती, बहिणीच्या घरी दुखवटा होता. भट्टीचा मालक हरेश्वर म्हणाला, अर्धी रास राहिली आहे, कुठे निघालास. मोरू म्हणाला, जातो आन् येतो. हरेश्वरनं फावड्याचा दांडा घेतला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानाच्या मागे. मोरू बसला. "पडला न्हाय बाई, बसला," ती म्हणाली. त्यानं पाणी मागितलं, प्यायलं, मग आडवा झाला, आणि उन्हं कलायच्या आत गेला. हरेश्वरनं सगळ्यांना सांगितलं की विटांच्या टेम्पोवरून घसरला. तिनं हे एकही शब्द वर न चढवता सांगितलं. कुठला हात, कुठला दांडा, कोण कुठे उभं होतं. देवाचं नाव त्यात एकदाही नव्हतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ही माजी साक्ष," आणि खाली बसली. कुणी रडलं नाही. मी प्रार्थना म्हटली. कसली म्हटली ते आठवत नाही, फक्त माझा आवाज छान लागला होता हे आठवतं.

आमच्या मंडळींचं एक मासिक पत्रक निघतं. शेवटच्या पानावर 'साक्ष' असं सदर. त्या महिन्याचा मजकूर मी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले आणि लिहिलं. "वीटभट्टीवर झालेल्या अपघातात माझे पती निवर्तले. परंतु प्रभूने मला शांती दिली. माझ्या मनात कुणाविषयीही राग नाही. मी सर्वांना क्षमा केली आहे." आणखी दहाबारा ओळी होत्या, सगळ्या अशाच धुतलेल्या. 'अपघात' हा शब्द मी का लिहिला? गेली सहा वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं देते आहे. पत्रकात पोलिसांच्या भानगडी नकोत म्हणून. वाचणाऱ्यांना दुःख पचेल अशा मापाचं द्यावं म्हणून. गोदूनं खरंच क्षमा करावी, आणि आधी कागदावर केली की मग मनानं करील, असं वाटलं म्हणून. हे कारण मला सगळ्यांत आवडतं, त्यामुळे तेच सगळ्यांत खोटं असावं. आणि एक कारण आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रार्थनेची खोली आधी कुडाची होती. ती पक्की बांधली त्या विटा हरेश्वरनं दिल्या होत्या. स्वतःचा ट्रॅक्टर रस्ता संपेपर्यंत पाठवला होता आणि वर म्हणाला होता, बाई, देव कुठला का असंना, काम चांगलं चाललंय तुमचं. त्या विटा वाडीतल्या माणसांनी डोक्यावरून वर आणल्या. मोरूनं सगळ्यांत जास्त आणल्या. मी ओट्यावर बसून लिहीत होते तेव्हा माझी पाठ त्याच भिंतीला टेकलेली होती.

मग मी गोदूला बोलावलं. म्हटलं, तुझी साक्ष लिहिली आहे, खाली सही कर. वाचून दाखवली का? दाखवली असती तर ती म्हणाली असती, असं न्हाय बाई, बसला तो. मी वाचून दाखवली नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पेन धरलं आणि जीभ दातांत धरून गो-दा-व-री लिहिलं. तिची कागदावरची ही पहिली सही. ते बघून मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घेतलं. तीही हसत होती, नवरा जाऊन आठ दिवस झालेली बाई. पत्रक निघालं तेव्हा तिची सही फोटोसारखी जशीच्या तशी छापली होती, खाली लिहिलं होतं की या भगिनी नुकत्याच साक्षर झाल्या. पुण्याहून, नगरहून पत्रं आली. एका बाईनी साडी पाठवली.

त्या पावसाळ्यात गोदू रोज वाट पाहत होती, हे मला समजलं नाही. सकाळी पाणी भरून झालं की वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली येऊन बसायची, खालच्या रस्त्याकडे बघत. मला वाटलं मोरूची आठवण काढते. दोनदा तिच्याशेजारी बसून मी तिला पुनरुत्थानाबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दसऱ्याच्या सुमाराला ती एकदा माझ्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पोलीस कवा येतील?" मी विचारलं, कसले पोलीस? "मोरूचे. मी साक्ष दिली ना. तुमी लिवली. मी सही पन केली. पावसानं रस्ता बंद व्हता म्हनून मी गप ऱ्हायले. आता रस्ता सुकला की."  आमच्या डोंगरात 'साक्ष' हा शब्द माझ्याआधी पोहोचलेला होता. जंगलखात्याच्या केसेस, चोरीचे आळ, हे सगळं भोगलेली माणसं ती. साक्ष म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साक्ष द्यायची, ती कुणीतरी शिकलेल्यानं लिहायची, खाली सही नाहीतर अंगठा, मग कागद सरकारकडे जातो आणि सरकार येतं. मी सोळा वर्षं शेळ्या सापडल्याच्या साक्षी मागत होते आणि ती माणसं मनात म्हणत असतील, शेळीसाठी कशाला सरकारला त्रास. गोदूनं तो शब्द वापरण्याजोगी गोष्ट घडली तेव्हाच वापरला. ती देवाला सांगत नव्हती. ती फिर्याद देत होती, आणि माझ्याकडे देत होती, कारण तिच्या ओळखीत लिहिणारं माणूस मी एकटीच.

मी तिला त्या दिवशीही खरं सांगितलं नाही. म्हटलं, हा कागद वेगळा, पोलिसांना वेगळा द्यावा लागतो. ती म्हणाली, "मंग तो बी लिवा की." खाली पालीत संघटनेचं काम करणारी पूनम नावाची मुलगी होती, तिच्याकडे मी गोदूला पाठवलं, स्वतः गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. पूनमनं पोलिसांत नेलं, तिथं चार फेऱ्या झाल्या, गुन्हा नोंदला गेला. मोरूला पुरलेलं उकरून काढलं. कानामागचं हाड फुटलेलं होतं, पण टेम्पोवरून पडूनही ते तसंच फुटतं म्हणे. दांडा पाहणारी बाकीची माणसं पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच भट्टीवर गेली, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. राहिली एकटी गोदू. आणि मग हरेश्वरच्या वकिलानं एक कागद काढला. ते आमचं पत्रक होतं. देणगीदारांना अंक मोफत जातो. विटा दिल्या म्हणून हरेश्वरचं नाव यादीत मीच घातलं होतं.

सकाळी मृणालीताईंनी मला सांगितलं होतं, "मॅडम, सगळी केस या पानावर अडकलीय. गोदू आत म्हणेल की मी असं बोललेच नाही. मग तुम्ही या आणि सरळ सांगा, हे शब्द माझे आहेत, तिला वाचून दाखवले नव्हते. बस्स. समोरचा तुम्हाला सोडणार नाही. धर्म बदलायला गेल्या होत्या, पैसे कुठून येतात, सगळं काढेल. तयारी ठेवा." तयारी मी ठेवली होती. बाकावर बसून मी ते एक वाक्य मनात म्हणत होते, हे शब्द माझे आहेत. म्हणताना ते वाक्य मी दोनदा सुधारलं हेही कबूल केलं पाहिजे. एकदा त्यात 'अनवधानाने' घातलं आणि काढलं. उद्या पेपरात येईल. मंडळी मला परत बोलावतील. खोलीला कुलूप लागेल, ज्या वाडीत माझं आता सगळं आहे तिथं मला कुणी चढू देणार नाही. बावीस वर्षं खोटी ठरतील. ठरू देत, मी म्हटलं. माझ्या आयुष्यात एकदा तरी मी कच्चं, न धुतलेलं वाक्य बोलेन.  व्हरांड्यातून एक वकील फोनवर मासळीचा भाव विचारत गेला, आणि मला एकाएकी फार भूक लागली. दार उघडलं की मी उठणार होते. पुकाऱ्याची वाटसुद्धा न बघता.

दार उघडलं आणि मृणालीताई बाहेर आल्या. त्यांनी फाईल काखेत मारली आणि भिंतीला टेकल्या. "काय शिकवून ठेवलंयत तुम्ही तिला?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सरतपासात, मी विचारत होते तेव्हा, मस्त बोलली. दांडा, फटका, सगळं. जज ऐकत होते. मग हरेश्वरच्या वकिलानं पान दाखवलं. सही तुझी? माझी. हे तू सांगितलंस की तुझ्या बाईंनी मनानं खोटं लिहिलं?  तर म्हणाली, बाई खोटं लिवत न्हाईत. मीच सांगितलं आसंल. अपघात म्हणालीस? म्हनाले आसंन. क्षमा केलीस? व्हय." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "फेरतपासात पुन्हा विचारून मी खूप प्रयत्न केला. ती हटली नाही." मी म्हटलं, मला आत न्या, मी सांगते.  "नेऊ शकते. पण आता तुम्ही आत जाऊन म्हणणार की तिनं हे सांगितलंच नव्हतं. म्हणजे ती शपथेवर खोटं बोलली. मग समोरचा विचारणार, जी पानाबद्दल खोटं बोलते ती दांड्याबद्दल खरं कशावरून? मला वाटतं तुमची साक्ष सोडून द्यावी. तरी तुम्हाला बोलायचंच असेल तर सांगा. पाच मिनिटं आहेत."

मी बोलले नाही. केसच्या भल्यासाठी गप्प बसले असं म्हणता येईल, आणि कोणी विचारलं तर मी तसंच म्हणेन. पण त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मला बरं वाटलं. आत गोदूनं स्वतःच्या नवऱ्याचा खून हातातून सोडून दिला होता, आणि बाहेर मला बरं वाटलं. मग ते बरं वाटणं ओसरलं, आणि त्यानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही. मी मान हलवली. मृणालीताई फाईल घेऊन आत गेल्या.

गोदू बाहेर आली ती परीक्षा देऊन आल्यासारखी. बाकावर बसली, बाटलीतलं पाणी प्यायली, बाटली माझ्यापुढे केली. "लई इचारलं त्यानं," ती म्हणाली. "पन मी सगळं सांगितलं. मोरूचं बी सांगितलं. तुमचं बी राखलं." "गोदू," मी म्हटलं, "त्या कागदात काय होतं ते तुला माहीत होतं?" "पूनमताईनी वाचला व्हता मागं. तवाच कळलं." "मग?" "मंग काय? समोर त्यो माझ्या बाईला खोटारडी म्हनतोय, चार मान्सांत. मी कशी व्हय म्हनू? तुमी एवढ्या लांबनं आलात, आमच्यात ऱ्हायलात." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. रविवारी बघायची तसंच, नीट, लक्ष देऊन. "बरोबर बोलले ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आम्ही कोर्टाच्या बाहेर पडलो, स्टँडच्या दिशेनं चालू लागलो. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याला शनिवार-रविवारसाठी आलेल्या मुंबईकरांच्या गाड्या लागलेल्या. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "त्यो हरेश्वर आता आत जाईल ना?" इथं मला खोटं बोलता आलं असतं, हात बसलेला होता. मी म्हटलं, "नाही गोदू. सुटेल तो बहुतेक. तू त्या कागदाला हो म्हणालीस ना, म्हणून." ती थांबली. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून पुढे गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. पायांकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, कोर्टात काय काय झालं ते पुन्हा लावून बघत असावी. "मला कुनी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, हळू, "मंग मोरूला कुनी मारलं म्हनायचं आता?"

मला तिची क्षमा मागायची होती. तोंडात शब्द आला होता, एकच, साधा, ज्याच्यात सुधारायला काही नव्हतं. पण मी मागितली असती तर तिनं तिथल्या तिथे, रस्त्यात उभ्या उभ्या दिली असती. ती तशीच आहे. आणि मग मोरूसारखंच हेही मिटलं असतं. म्हणून मी मागितली नाही. माझी चूक जवळ ठेवली आहे, बिनमाफीची, तेवढंच मला तिच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

स्टँडवर पालीची गाडी लागली होती आणि दाराशी गर्दी होती. गोदूनं डोळे पुसले, पदर कमरेला बांधला आणि माणसांतून वाट काढत वर चढली. मी शेवटी चढले. सगळी गाडी भरली होती. ती मधे दांडा धरून उभी होती आणि खिडकीजवळची एक जागा तिनं पिशवी ठेवून माझ्यासाठी धरली होती.